वरळीच्या समुद्राचा हिशेब

7 ऑगस्ट 2010 हा शनिवार होता. आषाढ संपत आला होता, मंगळवारी अमावस्या होती, आणि दुसऱ्या दिवशीचा रविवार श्रावणाआधीचा शेवटचा. दादर, परळ, लालबाग, गिरगावातल्या घरांमध्ये मासळीचा असा रविवार वर्षातून एकदाच येतो. त्याच शनिवारी सकाळी न्हावा-शेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ हे पनामाचा झेंडा लावलेलं कंटेनर जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारं ‘खलिजिया-3’ यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. खलिजिया आधीच जुलैमध्ये मुंबईजवळ रुतून बसलेलं आणि सुटका करून आत आणलं जात असलेलं जहाज होतं. चित्रा एका बाजूला कलंडली. तिच्यावरच्या बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी शेकडो पाण्यात पडले, काहींमध्ये कीटकनाशकं होती. टाक्यांमधलं सुमारे 800 टन इंधन तेल दोन-तीन दिवसांत समुद्रात गेलं. बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर बिस्किटांचे पुडे आणि तेलाचे थर एकत्रच लागले. मासेमारी थांबवा, मासळी खाऊ नका, असं सरकारकडून सांगण्यात आलं. ऐन गटारीच्या दिवसांत मुंबईच्या बाजारातून गिऱ्हाईक नाहीसं झालं.

या घटनेला आता दीड दशक उलटलं आहे. तेव्हाची छायाचित्रं पाहिली तर काळ्या पडलेल्या तिवरांची आणि तिरक्या जहाजाची दिसतात, आणि ती बहुतेक ठाणे खाडी, उरण, घारापुरी या बाजूची आहेत. वरळी कोळीवाडा त्यांत फारसा नाही. हे सुरुवातीलाच मान्य केलं पाहिजे. टक्कर झाली प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या परिसरात, तिथून वरळीचं टोक सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटरवर. पावसाळी वाऱ्याने बरंचसं तेल बंदराच्या आत, खाड्यांमध्ये आणि दक्षिणेला लोटलं. मग वरळीचा या गळतीशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की तेलगळतीचं सर्वांत टिकाऊ नुकसान किनाऱ्यावरच्या डागात शोधणं चुकीचं आहे. डाग जातो, किंवा दिसेनासा होतो. गळतीच्या आधी त्या समुद्रात काय होतं, किती होतं आणि त्यावर कोण जगत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नसणं, हे मात्र जात नाही. वरळीसारख्या जागेत तेलापेक्षा ही कोरी पानंच पुढची कित्येक वर्षं नुकसान करत राहतात.

आधी तेलाचं पाहू. जहाजाचं इंधन तेल म्हणजे पेट्रोल नव्हे. पेट्रोल सांडलं तर बरंचसं उडून जातं. जड इंधन तेल थोडंसंच उडतं, उरलेलं लाटांनी घुसळून पाण्याशी मिसळतं, त्याचा घट्ट तपकिरी लगदा होतो आणि मूळ तेलाच्या तीन-चार पट आकारमान घेतो. तो लगदा कालांतराने फुटतो, त्याचे डांबराचे गोळे होतात. काही भाग गाळाला चिकटून तळाशी बसतो. खुल्या, खडकाळ, लाटा आपटणाऱ्या किनाऱ्यावर समुद्रच तो काही हंगामांत धुऊन काढतो. खाडीतल्या चिखलात मात्र वरच्या काही बोटांखाली प्राणवायू नसतो, आणि प्राणवायूशिवाय तेल खाणारे जिवाणू फारसं काम करत नाहीत. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर तेलाचं पुट बसलं की झाड हळूहळू गुदमरतं. चित्राच्या वेळी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टर आणि बोटींतून तेल विखुरणारी रसायनं फवारली. तेल किनाऱ्याला लागण्यापेक्षा पाण्यात बारीक थेंबांत विरलेलं बरं, असा त्यामागचा विचार. तो खोल समुद्रात पटतो. उथळ पाण्यात हेच थेंब तळापर्यंत पोचतात, कोळंबी, कालवं, तिसऱ्या यांच्या अंगात जातात, म्हणून उथळ पाण्यात ही रसायनं जपून वापरावीत असा जगभरचा संकेत आहे. थोडक्यात, पृष्ठभाग स्वच्छ दिसू लागतो तेव्हा प्रश्न सुटलेला असतोच असं नाही. तो नजरेच्या खाली गेलेला असतो.

आणि इथेच वरळी परत येते. मासा जिथे पकडला जातो तिथेच वाढलेला नसतो. कोळंबीची पिल्लं खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन बाहेर जातात. बोय, जिताडा यांचंही बरंचसं बालपण गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर जातं. ठाणे खाडी, माहीमची खाडी, उरणची खाजणं ही पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना मिळणाऱ्या मासळीची पाळणाघरं आहेत. वरळीचा नाखवा मोठ्या ट्रॉलरसारखा दहा-पंधरा दिवसांची फेरी करत नाही. उधाण-भांग पाहून खडकांच्या आसपास जाळं टाकायचं, चिंबोरी, शिवंड, बोय, कोळंबी जे लागेल ते घेऊन त्याच दिवशी परत यायचं, ही इथली पद्धत. सुकतीला बायका खडकांवर उतरतात, वाकून कोयतीच्या टोकाने कालवाचं वरचं शिंपलं उचकटतात आणि आतला मांसल गोळा डब्यात टाकतात. एका भरतीओहोटीच्या मधल्या वेळेत जेवढं जमेल तेवढं. कालव जागचं हलत नाही, पाणी गाळून खातं. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. पाण्याचा दर्जा मोजायचा झाला तर प्रयोगशाळेने पहिल्यांदा हेच उचलायला हवं. पण ते डब्यात जातं, वाटा लावून विकलं जातं आणि त्याची कुठेही नोंद होत नाही.

बाजाराचं नुकसान याहून वेगळ्या रीतीने चालतं. तेल पंधरा किलोमीटरवर असेल, पण दादरच्या बाजारातलं गिऱ्हाईक प्रवाहांचा नकाशा घेऊन येत नाही. ‘माल कुठला?’ या प्रश्नाला ‘वरळीचा’ हे उत्तर एरवी ताजेपणाची खूण असतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये तेच उत्तर संशयाचं कारण झालं. सरकारी बंदीचा काळ 15 ऑगस्टच्या सुमारास संपून यांत्रिक होड्यांचा हंगाम सुरू व्हायचा होता, नारळी पौर्णिमा 24 तारखेला होती. म्हणजे होडीची डागडुजी, जाळी, बर्फ, डिझेल यांसाठी कर्ज काढून झालेलं आणि मिळकत अजून सुरू न झालेली, नेमक्या त्या फटीत ही गळती आली. पहिल्या काही आठवड्यांचा भाव पडला की हप्ता चुकतो, हप्ता चुकला की व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीच्या बदल्यात माल त्याच्याच भावाने द्यावा लागतो. असा बांधलेला नाखवा पुढच्या हंगामातही मोकळा होत नाही. मासळी विकणाऱ्या बाईचं तर याहून अवघड. होडी नाखव्याच्या नावावर असते, तिच्या नावावर टोपलीशिवाय काही नसतं. नुकसानभरपाईची कुठलीही यादी होडीपासून सुरू होते आणि टोपलीपर्यंत क्वचितच पोचते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मुंबईचा समुद्र तेलाने बिघडवला म्हणणं म्हणजे मुख्य आरोपी सोडून भलत्यालाच धरणं, असं अनेक जाणकार सांगतात. वरळीच्या पंपिंग स्टेशनपासून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची नळी समुद्रात जाते आणि शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी तिथे सोडलं जातं. पलीकडे माहीमच्या खाडीत मिठी नदी येते, आणि तिच्या पाण्याबद्दल मुंबईकराला काही सांगायची गरज नाही. त्यात वर्षानुवर्षांचं प्लास्टिक. मग 800 टन तेलाचा वाटा वेगळा काढणार कसा? या आक्षेपातलं तथ्य पूर्ण स्वीकारूनही दोन गोष्टी उरतात. पहिली तांत्रिक. तेलाला ओळख असते. प्रत्येक तेलात विशिष्ट संयुगांचं विशिष्ट प्रमाण असतं आणि वर्षांनंतरही त्यातली काही टिकून राहतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दर पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या डांबराच्या गोळ्यांची अशी तपासणी केली आणि काही नमुने टँकर धुतल्यावर टाकलेल्या तेलाचे, काही मुंबई हाय तेलक्षेत्राच्या तेलाशी जुळणारे असल्याचं दाखवलं. म्हणजे सांडपाणी आणि तेल वेगळं करता येतं, एका तेलापासून दुसरंही वेगळं करता येतं. अट एकच, नमुना वेळेवर घेतलेला हवा आणि आधीचा नमुना तुलनेला हवा. दुसरी गोष्ट न्यायाची. ज्या समुद्रावर आधीच सांडपाण्याचा बोजा आहे त्यात तेल टाकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. आजारी माणसाला धक्का मारणारा, हा तर आधीच आजारी होता, असं म्हणून सुटत नाही.

डांबराच्या गोळ्याचं प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे ‘मोठी गळती’ ही कल्पनाच अपुरी पडते. मे महिन्याच्या अखेरीपासून नैऋत्य वारा सुरू झाला की हे गोळे किनाऱ्याला येऊ लागतात. काही वाटाण्याएवढे, काही तळहाताएवढे. बाहेरून वाळू लागून कडक, आतून मऊ. नायलॉनच्या जाळ्यात एक असा गोळा आला आणि जाळं ओढताना दाबला गेला की तो आसांमध्ये पसरतो. पाण्याने निघत नाही, रॉकेलने निघतो, पण मग जाळ्याला रॉकेलचा वास बसतो आणि त्यातून निघणाऱ्या मासळीलाही. तेवढा तुकडा कापून नवं जाळं जोडणं हाच उपाय. यासाठी जबाबदार जहाज कधीच सापडत नाही, त्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्यामुळे हे नुकसान कुठल्याही खटल्यात जात नाही. चित्रासारखा अपघात अधूनमधून होतो. ही झीज दर पावसाळ्यात होते.

अपघातही एकटा आला नाही. 2011 च्या जानेवारीत मुंबई हायहून उरणकडे तेल आणणाऱ्या वाहिनीला गळती लागली. जूनमध्ये अलंगला मोडीत काढायला ओढून नेलं जाणारं ‘एमव्ही विस्डम’ दोर तुटून भरकटलं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आदळतं की काय अशी भीती होती, अखेर ते जुहूच्या वाळूत रुतलं. जुलैअखेर ‘एमटी पवित’ हा बेवारस टँकर त्याच किनाऱ्यावर येऊन थांबला. 4 ऑगस्टला ‘एमव्ही राक कॅरियर’ मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडालं. त्यात साठ हजार टनांहून अधिक कोळसा आणि सुमारे 290 टन इंधन तेल होतं, आणि त्यातून कित्येक दिवस गळती सुरू राहिली. या शेवटच्या प्रकरणात पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने ऑगस्ट 2016 मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना 100 कोटी रुपये आणि कोळशाच्या मालक कंपनीला 5 कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई देण्याचा आदेश दिला. बुडालेला माल समुद्रात सोडून देणं म्हणजे कचरा टाकणंच होय, हे त्या निकालाने ठामपणे मांडलं. तो निकाल महत्त्वाचाच. पण त्या रकमेत कुठल्या कोळीवाड्यातल्या कुठल्या घराचं किती गेलं, याचं उत्तर नाही. ते असणं शक्यही नव्हतं, कारण त्यासाठी लागणारा कागद कुणाकडे नव्हता.

कागद असला की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारामुळे उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छिमारांची उपजीविका गेली, म्हणून ते हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये लवादाने 1,630 कुटुंबांसाठी सुमारे 95 कोटी 19 लाखांची भरपाई ठरवली, दर कुटुंबामागे सरासरी 5 लाख 84 हजार. कुटुंबांचा आकडा होता म्हणून रकमेला आकार आला. उलट 2023 च्या डिसेंबरमध्ये चेन्नईच्या एन्नोर खाडीत मणलीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून पुराबरोबर तेल आलं तेव्हा तमिळनाडू सरकारने सर्वाधिक बाधित मच्छिमार कुटुंबांना 12,500 रुपये दिले. तातडीची मदत म्हणून ते ठीक, पण त्या खाडीत कुटुंबाची वर्षाची मिळकत किती होती याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं, त्यात 367 टन फर्नेस ऑइल होतं. बाधित मच्छिमार कुटुंबांना केरळ सरकारने 1,000 रुपये आणि 6 किलो तांदूळ दिले, आणि त्याच वेळी उच्च न्यायालयात 9,531 कोटींचा दावा लावून त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडवून धरलं. किती रक्कम प्रत्यक्ष हाती येईल ते पुढचं पुढे. पण दोन महिन्यांच्या आत आकडा मांडणं आणि जहाज अडवणं हे केरळने केलं. चित्राच्या वेळी, 2010 साली, जहाजाच्या इंधनाने होणाऱ्या प्रदूषणाच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार अमलात येऊन दोन वर्षं होत आली होती आणि भारत त्यात नव्हता. तेव्हापासून कायदा पुढे सरकला आहे, 2025 मध्ये संसदेने व्यापारी नौवहनाचा नवा कायदाही केला. कायद्याने दार उघडलं तरी आत न्यायचा पुरावा कोळीवाड्यातच तयार व्हावा लागतो.

इथे एक गोष्ट मला फार खटकते. यांत्रिक होडीला डिझेलवरच्या कराची सवलत सहकारी संस्थेमार्फत मिळते, त्यासाठी होडीची नोंदणी, परवाना, इंजिनाची ताकद, उचललेलं डिझेल हे सगळं कागदावर असतं. होडीने किती इंधन जाळलं हे सरकारला माहीत आहे. त्या इंधनावर तिने काय आणलं, हे कोळीवाड्यागणिक, होडीगणिक, रोजच्या रोज टिपून जाहीर करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पद्धतीने राज्याच्या उत्पादनाचा अंदाज काढते आणि तो मोलाचा आहे. 2019 मध्ये महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर, म्हणजे 45 वर्षांतल्या नीचांकावर आल्याचं त्यावरूनच कळलं. पण राज्याचा आकडा वरळीच्या खडकाबद्दल काही सांगत नाही.

शहरी वस्तीवर तेल किती काळ राहू शकतं याचं टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात 1978 साली तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला न्यूटाउन क्रीकच्या पाण्यावर तेल दिसलं आणि शोध घेतल्यावर पन्नासहून अधिक एकर जमिनीखाली, घरांच्या आणि कारखान्यांच्या पायाखाली, तेलाचा साठाच असल्याचं निघालं. शतकभराच्या शुद्धीकरण कारखान्यांची ती गळती होती. अंदाज 1 कोटी 70 लाख गॅलनपासून 3 कोटी गॅलनपर्यंत. विहिरी खोदून तेल उपसणं दशकानुदशकं चाललं. रहिवासी आणि नदीरक्षक संघटना कोर्टात गेल्यावर 2010 मध्ये एक्सॉनमोबिलशी समझोता झाला आणि त्यातले 1 कोटी 95 लाख डॉलर त्याच वस्तीच्या पर्यावरणासाठी राखून ठेवले गेले. तिथे जमीन होती, म्हणजे सातबारासारखे उतारे होते, बोअर घेऊन खोली मोजता येत होती. समुद्राला उतारा नाही. वरळीच्या कोळ्याचा हक्क त्याच्या वहिवाटीत आहे, आणि वहिवाट सिद्ध करायची तर रोजचं लिहिलेलं लागतं.

उरलेला आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. मासळी घटण्यामागे अतिमासेमारी, एलईडी दिव्यांची आणि पर्ससीन जाळ्यांची मासेमारी, तापणारा अरबी समुद्र, वाढती चक्रीवादळं ही कारणं आहेत. नोंदवही ठेवली तरी त्यातून तेलाचा दोष नेमका वेगळा होईल का? अलास्कात 1989 साली ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून सुमारे 37 हजार टन कच्चं तेल सांडलं. चार वर्षांनी तिथला हेरिंग मासा कोसळला आणि अजून पूर्ववत झाला नाही. जगात सर्वाधिक अभ्यासलेल्या गळतींपैकी ही एक, तरी तेलामुळे हेरिंग गेला की रोगामुळे, यावर वाद आहे. मग आपली वही काय करणार? ती कारणांचा निवाडा करणार नाही, हे खरं. पण अलास्कात वाद करायला आकडे होते, आणि म्हणूनच मच्छिमारांना दावा वीस वर्षं रेटता आला. आपल्याकडे वादाची वेळच येत नाही. घट झाली की नाही, हाच पहिला प्रश्न अनुत्तरित राहतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

असं मिटलेलं प्रकरण पुढच्या प्रकरणाचा पाया होतं. 2018 मध्ये सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर कशा निघणार, पुलाच्या खांबांमधलं अंतर किती हवं, यासाठी वरळीच्या मच्छिमारांना काम अडवून वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मागणी 160 मीटरची होती, डिसेंबर 2022 मध्ये 120 मीटरवर तडजोड झाली. या वादात पुन्हापुन्हा येणारा सूर हाच की इथे आता मासेमारी उरली आहे तरी किती? हे विचारणाऱ्यांमध्ये सगळेच बेफिकीर नव्हते. त्यांच्यासमोर खरोखरच आकडा नव्हता. तेलाच्या वेळी, डांबराच्या गोळ्यांच्या वेळी, राक कॅरियरच्या वेळी जे लिहिलं गेलं नाही, त्यामुळे रस्त्याच्या वेळी हा समुद्र रिकामा वाटला. नुकसान जमा होत जातं ते असं, एका अपघाताची न झालेली नोंद दुसऱ्या प्रकल्पाच्या सोयीची ठरते.

करायचं काय, ते अवघड नाही. डिझेलची वही जी संस्था ठेवते तिलाच मालाची वही ठेवायला सांगायचं आणि त्यासाठी एक पगारी माणूस द्यायचा. तारीख, होडी, जागा, जाळ्याचा प्रकार, जातवार वजन, मिळालेला भाव. खडकावर कालवं काढणाऱ्या आणि बाजारात बसणाऱ्या बायकांची वेगळी वही, त्यांच्या नावाने. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, ठरलेल्या जागांवरून गाळ आणि कालवं उचलून तेलातल्या घातक संयुगांची तपासणी, आणि तिचे निकाल मराठीत संस्थेच्या फळ्यावर. डांबराचा गोळा सापडला की तो तारखेसह बाटलीत बंद करून प्रयोगशाळेकडे. जहाजं येत राहणार आहेत. न्हावा-शेवा देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे, जवाहर द्वीपावर तेलाचे टँकर लागतात, आणि डहाणूजवळ वाढवणला त्याहून मोठं बंदर उभं राहतं आहे, ज्याच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांमध्ये ही वही बांधकाम पुरं होण्याआधीच सुरू करता येईल.